गरुडरथाच्या वाटेने: जुन्या नाशकातल्या पायी फेऱ्यांचे परीक्षण

निमाणी स्टँडवर किंवा पंचवटी कारंजावर उतरले की रिक्षावाले ‘नाशिक दर्शन’ विचारतात. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन असा ठरलेला फेरा असतो आणि दोन-अडीच तासांत माणूस परत स्टँडवर येतो. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्या हातात तेवढाच वेळ आहे, त्यांच्यासाठी ही सोय चांगली आहे. पण या फेऱ्यातली जवळजवळ सगळी ठिकाणे नदीच्या एकाच काठावर, म्हणजे पंचवटीच्या बाजूला आहेत. पलीकडच्या काठावरचे जुने गाव, म्हणजे टेकांवर (छोट्या उंचवट्यांवर) वसलेल्या पेठा, सराफ बाजार, भांडी बाजार, तिवंधा, हे त्यात येतच नाही. आणि ते रिक्षातून दाखवताही येत नाही. तिथले बोळ रिक्षाला पुरणारे नाहीत.

म्हणून इथे चार पायी फेऱ्यांचे परीक्षण दिले आहे. कोणती करावी, कोणत्या वेळी, कुठे वाट चुकते आणि कोणती फेरी पायी करण्यात अर्थ नाही, हे सांगण्याचा हेतू आहे.

आधी दिशा समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे सोपे होईल. गोदावरी पश्चिमेकडून, गंगापूरच्या बाजूने येते आणि रामकुंडापाशी दक्षिणेकडे वळते. त्यामुळे इथे नदीचा डावा काठ म्हणजे पूर्वेकडची पंचवटी आणि उजवा काठ म्हणजे पश्चिमेकडचे जुने नाशिक. पाहुणे चुकतात ते नेमके या वळणापाशी. नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते असे डोक्यात धरून ते चालतात आणि पूल ओलांडला की कुठल्या बाजूला आलो ते कळेनासे होते. फोनवरचा नकाशाही अरुंद बोळांत नीट काम करत नाही. दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींवर आपटून सिग्नल येतो आणि निळा ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो. इथे चालण्याचा एकच भरवशाचा नियम आहे: उतार लागला की तुम्ही नदीकडे चालला आहात, चढ लागला की गावात. वाट विचारताना ‘गोदावरी’ म्हणू नका, ‘गंगेवर कसे जायचे’ असे विचारा. नाशकात नदीला गंगाच म्हणतात.

आता पहिली फेरी, आणि आमच्या मते सगळ्यांत उत्तम: गरुडरथाचा मार्ग.

चैत्रात रामनवमीनंतर दोन दिवसांनी, कामदा एकादशीला, काळारामाच्या पूर्व दरवाजातून दोन रथ निघतात. एक रामाचा, दुसरा गरुडाचा. रामरथ ओढण्याचा मान रास्ते आखाडा तालमीकडे आणि गरुडरथाचा अहिल्याराम व्यायामशाळेकडे. मानकरी बुवा रथाकडे तोंड करून संपूर्ण मार्ग उलट्या पावलांनी चालतात. रामरथ नदी ओलांडत नाही, तो पंचवटीतच थांबतो. गरुडरथ मात्र पलीकडे जातो, जुन्या गावात फिरून येतो आणि मग दोन्ही रथ रामकुंडाकडे वळतात. या गरुडरथाचा मार्ग म्हणजे जुन्या नाशकाची आयती आखलेली पायवाट आहे. एवढा मोठा लाकडी रथ दोरांनी ओढत न्यायचा, म्हणून त्याला पुरेल इतका रुंद, वळता येईल असा आणि चढ झेपेल असा रस्ता पिढ्यान्‌पिढ्या राखला गेला. चालणाऱ्याला आणखी काय हवे?

मार्ग असा. पंचवटीच्या बाजूने म्हसोबा पटांगणावरून निघावे आणि गाडगे महाराज पुलावरून नदी ओलांडावी. पलीकडे रोकडोबा पटांगण, तिथून दिल्ली दरवाजा, नेहरू चौक, चांदवडकर लेन, धुमाळ पॉइंट, मेन रोड, बोहोरपट्टी, सराफ बाजार आणि उतरत उतरत कपूरथळ्याचे स्मारक, म्हणजे परत गंगेवर. तिथून रामसेतू पुलावरून पंचवटीत. अंतर सुमारे दोन किलोमीटर. न थांबता अर्धा तास पुरे, पण बघत गेलात तर दीड तास धरा.

दिशा उलटी करू नका. रथाच्या दिशेने गेले की दिल्ली दरवाज्याची चढण सुरुवातीलाच, सकाळच्या गारव्यात संपते आणि उरलेली वाट हळूहळू उतरत जाते. उलट गेलात तर सराफ बाजारातून गर्दीत चढायचे आणि शेवटी दिल्ली दरवाज्याच्या उतारावर थकलेल्या पायांनी उतरायचे. चढण फार मोठी नाही, पण सलग आहे. मध्ये बसायला पार किंवा कट्टा मिळेलच असे नाही.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. घरे, वाडे, चौक, देवळे शांतपणे बघायची असतील तर सकाळी साडेसहा-सातला निघा. तेव्हा दुचाक्या कमी असतात, शटर खाली असल्यामुळे दुकानांच्या पाट्यांवरची लाकडी माडी, सज्जे आणि कोरीव हस्त (खांबाच्या माथ्यावरचे, तुळईला आधार देणारे लाकूड) दिसतात. अकरानंतर तीच गल्ली फक्त पाट्या आणि प्लास्टिकच्या छपरांची होते. पण भांडी घ्यायची असतील तर सातला जाऊन उपयोग नाही. दुकाने दहा-साडेदहाशिवाय नीट उघडत नाहीत. दोन्ही हेतू एका फेरीत साधत नाहीत, आधीच ठरवा.

दिल्ली दरवाज्यापाशी जमिनीकडे बघा. नाशकात धुळवडीपेक्षा रंगपंचमीचे महत्त्व जास्त आहे, आणि ती खेळली जाते रहाडीत. रहाड म्हणजे रस्त्याच्या पोटात दगडाने बांधलेला खोल हौद. पेशवाईच्या काळापासून चालत आलेल्या या रहाडी वर्षभर लाकडी ओंडके, दगड आणि माती टाकून बुजवलेल्या असतात. त्यांच्यावरून गाड्या जातात आणि नवख्या माणसाला पायाखाली काय आहे याचा पत्ताही लागत नाही. रंगपंचमीच्या आधी त्या उघडतात, साफ करतात, पूजा होते, उकळलेला रंग ओततात आणि मग ‘धप्पा’ मारतात, म्हणजे काठावरून अंग झोकून रंगात उडी. दिल्ली दरवाजा, तिवंधा आणि पंचवटीतला शनि चौक या तिन्ही ठिकाणच्या रहाडी या परीक्षणातल्या वाटांवरच आहेत. त्या दिवशी मात्र या वाटेवर फेरी म्हणून जाऊ नका. मोबाईल, कॅमेरा आणि अंगावरचे कपडे यांपैकी काहीही कोरडे परत येत नाही.

नेहरू चौकातून चांदवडकर लेनमध्ये शिरताना लोक बहुतेक वेळा चुकतात आणि सरळ मेन रोडवर जाऊन पडतात. ‘धुमाळ पॉइंट’ विचारले की कोणीही दाखवते. मेन रोडवर पोटात भर घालायची तर साबुदाणा वडा खावा. ‘सायंतारा’ या दुकानाचे नाव त्यासाठी गावात पिढ्यांपासून आहे. चांगला वडा ओळखायचा कसा? फोडल्यावर आतला साबुदाणा पारदर्शक आणि दाणादाणा सुटा दिसला पाहिजे. मधोमध पांढरा ठिपका राहिला असेल तर साबुदाणा कमी भिजला, आणि आत चिकट गोळा लागला तर पाणी जास्त झाले. शेंगदाण्याचे कूट भरड हवे. मिसळीसाठी ही वाट मोडू नका. मिसळ आरामात बसून, पापड-दही-रस्सा असे सगळे समोर घेऊन खायची गोष्ट आहे, फेरी संपल्यावर खा.

बोहोरपट्टीतून सराफ बाजारात उतरले की सरकारवाडा येतो. पेशवाईतला हा वाडा आता राज्य संरक्षित स्मारक आहे. खालचा भाग काळ्या दगडाचा, वर सागवानी खांब आणि तुळया. आतला चौक दार उघडे असेल तर विचारून बघावा. पण बाहेरच्या पायऱ्या बघायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि खरी गोष्ट त्या पायऱ्यांतच आहे. नाशकात पूर मोजतात तो तीन खुणांवर. पात्रातला दुतोंड्या मारुती ही पहिली. त्याच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, गळ्याला लागले, असे आकडे न सांगता सगळ्या गावाला कळते. दुसरी खूण पलीकडच्या काठावरच्या देवळातली नारोशंकराची घंटा. आणि तिसरी सरकारवाड्याच्या पायऱ्या. पाणी पायरीला लागले म्हणजे सराफ बाजार गेला. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ ही पुराची वर्षे इथला दुकानदार न अडखळता सांगतो.

नदीपासून इतक्या अंतरावर पाणी कसे चढते, हे उतारावर उभे राहून समजते. जुन्या गावातून सरस्वती नावाचा नाला वाहायचा. दहीपूल हे नाव त्या नाल्यावरच्या पुलाचे. आता नाला झाकलेला आहे, पूल कुठे आहे ते दिसत नाही, नाव तेवढे राहिले. पण पाणी आपली वाट विसरलेले नाही. गोदावरी फुगली की नाल्याचे तोंड बंद होते, गावातले पावसाचे पाणी मागे साठते, आणि वर जोराचा पाऊस सुरू असेल तर दहीपूल आणि सराफ बाजारात ते दुकानांत शिरते. जुन्या दुकानांची जोती इतकी उंच का, आणि माल जमिनीवर न ठेवता फळ्यांवर का, याचे उत्तर हेच.

उतारावर खाली भांडी बाजार. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण या फेरीतून घरी नेण्याजोगी वस्तू एकच आहे आणि ती घेताना लोक फसतात.

नाशिक तांब्या-पितळेसाठी जुन्या काळापासून नावाजलेले. तांबट आळीत हातोड्याचा ठोका आता पूर्वीइतका ऐकू येत नाही, पण मठारकाम केलेले भांडे अजून मिळते. मठारकाम म्हणजे तयार भांड्याच्या अंगावर बाहेरून हातोडीने जवळ जवळ ठोके देणे. ते नुसते नक्षीसाठी नसते. ठोक्यांनी मऊ तांबे घट्ट होते, पत्रा ताठ होतो, आणि पातळ पत्र्याची कळशी पाण्याने भरून उचलली तरी वाकत नाही. हाताचे मठारकाम ओळखायला भांडे उजेडात तिरपे धरा. ठोक्याच्या गोल खुणा ओळीत असतात, पण प्रत्येक खूण थोडी वेगळी असते, एकमेकीवर किंचित चढलेली असते, आणि बोट फिरवले की आतल्या बाजूलाही हलकी लहर लागते. यंत्राच्या खुणा एका साच्यातल्या, एकसारख्या खोल आणि आतून बहुतेक वेळा गुळगुळीत असतात. यंत्राचे भांडे वाईट नव्हे. त्याला हाताच्या कामाचा भाव देऊ नये एवढेच.

भांडी वजनावर विकली जातात. म्हणून चार गोष्टी करा. भांडे तुमच्यासमोर काट्यावर चढवायला सांगा. कडी लोखंडी असेल तर तिचे वजन तांब्याच्या भावाने लागत नाही ना, हे विचारा. लोखंड ओळखायला छोटे लोहचुंबक खिशात असले की पुरे. जोडाला डाख (झाळ) कसा लागला आहे ते बघायला भांडे पाण्याने भरून, बाहेरून कोरडे पुसून, दहा मिनिटे कागदावर ठेवा. कागद ओला झाला तर परत द्या. आणि घरची जुनी फुटकी भांडी मोडीत देणार असाल तर मोडीचा भाव आणि नव्याचा भाव वेगवेगळा सांगायला लावा. दोन्ही एकत्र सांगितले की घट किती धरली ते कळत नाही.

तांब्याच्या भांड्यात ताक, चिंच, लिंबू, टोमॅटो ठेवला तर पदार्थ कळकतो. आंबट पदार्थासाठी आतून कल्हई हवीच. कल्हई चांगली लागली आहे की नाही हे बघताना तळाचा आणि भिंतीचा सांधा बघा, कारण तिथे घाईत कथील पोहोचत नाही आणि तांब्याची तांबूस रेघ उघडी राहते. भांडे आधी स्वच्छ घासून तापवायचे, नवसागर फिरवायचा, कथील लावायचे आणि गरम असतानाच कापसाने पसरायचे, हे काम एका दमात होते. भांडे मध्येच गार झाले की थर तुटक बसतो. चकचकीत दिसणाऱ्या काही नव्या भांड्यांवर लाखेसारखा थर असतो. कोपऱ्यावर लिंबाची फोड चोळा. तिथे रंग उजळला नाही तर थर आहे असे समजा आणि पाणी प्यायला ते भांडे घेऊ नका.

भांडी बाजारातून गंगेवर उतरताना कपूरथळ्याचे स्मारक लागते. कपूरथळ्याचे राजे रणधीरसिंग १८७० मध्ये विलायतेला निघाले असता एडनजवळ वारले, त्यांचे हे स्मारक. बहुतेक लोक त्याला केवळ पत्ता सांगण्याची खूण समजून पुढे जातात. जवळच यशवंतराव महाराज पटांगण, देवमामलेदार यशवंतराव महाराजांचे. मामलेदार असताना दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटणारा हा माणूस १८८७ मध्ये इथेच गेला. रामसेतू ओलांडण्याआधी पटांगणात पाच मिनिटे बसा. समोर पंचवटीचा पूर्ण काठ दिसतो.

रामसेतू ओलांडला की नारोशंकराचे मंदिर. नारो शंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधलेले हे रामेश्वराचे देऊळ आहे, पण गावात ते घंटेच्या नावानेच ओळखले जाते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयातली ही पोर्तुगीज घंटा. तिच्यावर १७२१ साल आहे. दर्शन घेणारे आत जातात, बाहेर येतात आणि घंटा बघायची राहून जाते, कारण ती गाभाऱ्याजवळ नसून दाराच्या वरच्या बाजूला छत्रीत आहे. बाहेर पडताना मागे वळून वर बघा. शिखराच्या कोनाड्यांतल्या साधूंच्या बसलेल्या मूर्तींसाठी दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर सकाळचा तिरपा उजेड पुरतो.

पहिल्या फेरीबद्दल आमची तक्रार एकच. वाटेवर एकही फलक नाही. गावाने इतकी वर्षे जिवंत ठेवलेला रस्ता कोणत्याही नकाशावर आखलेला नाही.

दुसरी फेरी टेकांची, आणि ती सगळ्यांसाठी नाही. नाशिक नऊ टेकांवर वसले असे सांगतात आणि नावाचा उगमही ‘नवशिखा’ या शब्दात शोधतात. टेक म्हणजे आता उंचवटा दिसत नाही, गल्ली एकदम चढते आणि एकदम उतरते, एवढेच जाणवते. नेहरू चौकातून तिवंध्याकडे, तिथून भद्रकालीचे देऊळ, जुनी तांबट लेन, चित्रघंटा, आणि तिळभांडेश्वर गल्लीत अभिनव भारत मंदिर अशी ही वाट आहे. १९०४ मध्ये मित्रमेळ्यातून पुढे आलेल्या अभिनव भारत या क्रांतिकारी संघटनेची ही जागा. भद्रकालीचे देऊळ १७९० चे. ते पहिल्या खेपेला सापडत नाही, कारण त्याला शिखर नाही. बाहेरून वाड्यासारखेच दिसते आणि शिखर शोधणारे डोळे समोरून पुढे निघून जातात.

या फेरीत बघायचे ते वाडे. रचना समजली तर पडका वाडाही वाचता येतो. खाली काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांबांचा सांगाडा, खांबाच्या माथ्यावर हस्त, त्यावर तुळई. भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या. मोठ्या दरवाजात छोटी दिंडी, आत ओसरी आणि चौक. भार सांगाडा पेलतो, भिंत पुष्कळ वेळा केवळ आडोसा असते. म्हणून एखाद्या वाड्याची भिंत ढासळलेली आणि माडी तशीच उभी दिसते. पण खांबाच्या बुडाशी पाणी मुरले की लाकूड कुजते, खांब खचतो, आणि मग वरचे सगळे एकदम येते. लाकडी टेकू दिलेला सज्जा, भिंतीला पडलेली उभी भेग, फुगलेला पोटभाग, ही तीन चिन्हे दिसली की खाली उभे राहू नका. पावसाळ्यात, आणि विशेषतः मोठ्या पावसानंतरच्या दोन-तीन दिवसांत, ही फेरी करूच नका. वाडे पाऊस चालू असतानाच पडतात असे नाही. माती भिजून जड झाली की नंतर ऊन पडल्यावरही पडतात.

आणि हे लोकांचे घर आहे, हे विसरू नका. दिंडी उघडी दिसली म्हणून आत शिरू नये. ‘काका, चौक बघू का?’ म्हणून विचारले तर पुष्कळदा होकार मिळतो, नकार मिळाला तर तोही बरोबरच आहे. पैसे घेऊन फेऱ्या करणाऱ्यांपैकी कोणाबरोबर जायचे हे ठरवताना आम्ही हीच गोष्ट बघायला सांगू: गट दहा-बारा जणांपेक्षा मोठा नको आणि वाड्यात जाण्याआधी घरच्यांना विचारलेले असावे. वीस-पंचवीस जणांचा जथा गल्लीत उभा राहिला की शाळेत जाणारी मुले आणि गॅसची गाडी दोन्ही अडतात. मागच्यांना काही ऐकूही येत नाही.

याच बाजूला नदीकाठी मातीची गढी आहे. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळापासून सातवाहनांपर्यंतच्या वस्तीचे थर उजेडात आले. म्हणजे आजच्या गावाच्या खाली गावावर गाव आहे. पण गढीवर चढू नका. ती मातीची आहे, पुराने पाया खातो, पावसाने माथा भिजतो आणि कडा सुटतात. वर लोकांची घरे आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांच्या जिवाला घोर लागतो. गढी समोरच्या काठावरून बघावी. तिथून तिची उंचीही नीट कळते, जी जवळ जाऊन कळत नाही.

तिसरी फेरी रामरथाची, पंचवटीतल्या पंचवटीत. काळारामाचा पूर्व दरवाजा, नागचौक, चरणपादुका चौक, काट्या मारुती, गणेशवाडी, आयुर्वेद रुग्णालय, गौरी पटांगण, म्हसोबा पटांगण, कपालेश्वर, परशुराम पुरिया रस्ता, मालवीय चौक, शनि चौक आणि परत काळाराम. ही वाट जवळजवळ सपाट आहे, रस्ते रुंद आहेत, लहान मुले आणि वडीलधारी मंडळी असतील तर हीच करा. मधला गणेशवाडीचा टप्पा रुक्ष आहे, त्यात बघण्याजोगे फार नाही. घाई असेल तर काळारामातून सरळ शनि चौकमार्गे कपालेश्वराकडे उतरा.

काळारामाला मात्र पुरेसा वेळ द्या. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या देवळाचा दगड रामशेजचा. आवाराच्या आतल्या बाजूने कमानींची ओवरी फिरते. दर्शनाच्या रांगेत असताना ती दिसत नाही, म्हणून दर्शन झाल्यावर ओवरीतून पूर्ण प्रदक्षिणा घालावी. आणि याच दरवाजांसमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते, आणि तो पुढे वर्षानुवर्षे चालला. दार बंद ठेवले गेले ते हेच. कोणत्याही दरवाजातून आत पाऊल टाकताना हे आठवावे. दर्शन फेऱ्यांत ही गोष्ट एका वाक्यात उरकली जाते किंवा सांगितलीच जात नाही, याचे वाईट वाटते.

सीतागुंफा शेजारीच आहे. आत जायला अरुंद जिना आहे, वाकून, काही ठिकाणी जवळजवळ बसून उतरावे लागते. धाप लागणाऱ्यांनी, रक्तदाब असणाऱ्यांनी बाहेरचे वड बघून समाधान मानावे. कपालेश्वराच्या पायऱ्या उभ्या आहेत, पण वरून रामकुंड पूर्ण दिसते. शंकरासमोर इथे नंदी नाही, हे या देवळाचे वेगळेपण.

रामकुंडावर अस्थिविसर्जन आणि दशक्रिया चाललेली असतात. तिथे कॅमेरा बंद ठेवा. पायऱ्यांवर शेवाळ, दिव्यांचे तेल आणि फुलांचा चिखल असतो, काळा दगड ओला झाला की अगदी साबणासारखा होतो. रबरी तळाच्या, सहज काढता येणाऱ्या चपला घाला. बूट घातलेत तर दर देवळापाशी लेस सोडण्यात वेळ जाईल.

चौथी फेरी तपोवनाची. कपिला-गोदावरीच्या संगमापर्यंत रामकुंडापासून पायी जाता येते, पण मधला रस्ता वाहनांचा आणि उन्हाचा आहे. ही रिक्षानेच करा.

होळकर पुलाजवळचे सुंदरनारायण मात्र सोडू नका. १७५६ मधले, गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी बांधलेले, पूर्वाभिमुख देऊळ. पहिल्या फेरीच्या आधी, अगदी पहाटे, इथूनच सुरुवात केली तर उगवतीचा उजेड थेट दर्शनी भागावर पडलेला मिळतो. २१ मार्चच्या सुमारास तो मूर्तीच्या पायांपर्यंत जातो, म्हणून त्या दिवसांत लोक मुद्दाम येतात. उजव्या काठाची देवळे सकाळी उजळतात आणि पंचवटीचा काठ संध्याकाळी. फोटो काढणाऱ्यांनी त्या हिशेबाने काठ निवडावा.

बुधवारी गंगेवर आठवडे बाजार भरतो. भाजी, मिरची, मसाले, सुकट, दोऱ्या-सुतळ्या सगळे पटांगणात पसरते. बाजार बघायचा असेल तर बुधवारसारखा दिवस नाही, वाटा आणि घाट बघायचे असतील तर बुधवार टाळा. गाडी आणू नका. सिटीलिंकच्या बसने पंचवटी कारंजा किंवा रविवार कारंजावर उतरा. नाशिकरोड स्टेशनवरून येणार असाल तर पाऊण तास हाताशी ठेवा. स्वच्छतागृहाची सोय पंचवटीच्या बाजूलाच आटोपून घ्या, पलीकडच्या गल्ल्यांत ती विरळ आहे. सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या रामकुंडाच्या आसपास एखादी वाट अचानक खोदलेली किंवा पत्रे लावून बंद केलेली असू शकते. अशा वेळी वर होळकर पूल आणि खाली गाडगे महाराज पूल हे दोन पर्याय लक्षात ठेवा.

पावसाळ्यात निघण्याआधी गंगापूर धरणातून पाणी सोडले आहे का, हे आदल्या रात्रीच बघा. इथे ऊन पडलेले असते आणि त्र्यंबकच्या बाजूला कोसळत असतो, म्हणून आकाश बघून अंदाज बांधू नका. विसर्ग वाढला की रामसेतू सगळ्यांत आधी पाण्याखाली जातो. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याच्या वर पाणी दिसले तर खालच्या पटांगणांत उतरू नका, होळकर पुलावरूनच ये-जा करा.